क्षमता चार माणसं

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाशी बोलायची तीन वाक्यं असतात. मेकॅनिकने ती चौदा वर्षांत इतकी घोटली होती की भर झोपेतून उठवलं असतं तरी त्याने क्रमाने म्हणून दाखवली असती. पहिलं, लिफ्ट खाली पडत नाही. दुसरं, आत हवा भरपूर आहे. तिसरं, मी बाहेर उभा आहे. पहिल्या दोन वाक्यांवर आजवर एकाही माणसाचा विश्वास बसलेला नव्हता. आतला माणूस 'हो, हो' म्हणतो आणि दाराला लाथा घालणं चालू ठेवतो. तिसरं वाक्य कानावर पडलं की मात्र लाथा थांबतात. मग आतून बारीक आवाजात विचारणा होते, "नक्की उभे आहात ना?"

लॉकडाऊन लागला तेव्हा कंपनीने सांगितलं, घरी बसा, कॉल आला की कळवू. कॉल काही आला नाही. येणार कुठून? लिफ्टमध्ये अडकायला आधी घराबाहेर पडावं लागतं. सगळं गाव एकदम अडकलं होतं आणि अडकलेल्यांना सोडवणं हा ज्याचा धंदा, तो चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बसून मटार सोलत होता.

दोन खोल्यांत माणसं तीन. आतल्या खोलीत बायको. ती पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणाऱ्या कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी ऐकायची. आता ऑफिसच घरी आलं होतं, म्हणजे एक हेडफोन आणि एक सूचना. सूचना अशी, की आवाजात हसू हवं. ग्राहक ओरडो, रडो, यंत्र डोक्यात घालीन म्हणो, हसू हललं नाही पाहिजे. सकाळी नऊपासून भिंतीपलीकडून तो आवाज यायचा. "आपली गैरसोय मी समजू शकते, सर." मेकॅनिकला कधीकधी वाटायचं, उठून जावं आणि आपलीही गैरसोय नोंदवून यावी.

बाहेरच्या खोलीत वडील. बाबा मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं लोकांच्या शेतांच्या आणि कुंपणांच्या हद्दी मोजल्या, शेजाऱ्याशेजाऱ्यांत वितुष्ट आणलं, आणि निवृत्तीच्या दिवशी खात्याची जुनी कापडी टेप आठवण म्हणून घरी आणली. ती आठ वर्षं कपाटात पडून होती. लॉकडाऊनच्या चौथ्या दिवशी बाबांनी ती बाहेर काढली आणि घर मोजलं. पाचव्या दिवशी परत मोजलं. सहाव्या दिवशी चहाच्या वेळी जाहीर केलं, "पाव इंच कमी भरतंय."

"काय कमी भरतंय?"

"घर."

मेकॅनिकने टेप हातात घेऊन पाहिली. कापड जुनं, दोन्ही टोकांनी ओढून ओढून ताणलेलं. ताणलेल्या टेपने मोजलं की वस्तू कमीच भरणार. त्याने हे वडिलांना समजावून सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मोजणीला हरकत असेल तर लेखी दे."

तेव्हापासून रोज चहाबरोबर आकडा यायचा. अर्धा इंच. पाऊण इंच. बायको कपातून मान वर न करता म्हणायची, "बाबा, सोफा आधी जाईल की कपाट?" बाबा गंभीरपणे विचार करून म्हणायचे, "सोफा. कपाट भिंतीला धरून आहे." सगळे हसायचे. मेकॅनिकही हसायचा. आणि हसता हसता एके दिवशी त्याच्या लक्षात आलं, की श्वास अर्ध्यात थांबतोय. खालून निघतो, मधल्या मजल्यापर्यंत येतो आणि तिथेच खोळंबतो. तळव्यांना घाम. मानेशी शर्ट आवळल्यासारखा, वास्तविक अंगात बनियन.

ही लक्षणं त्याने शेकडो वेळा बाहेरून पाहिली होती. धंद्यात अशा माणसाला पॅसेंजर म्हणतात. त्याने मनातल्या मनात स्वतःला पहिलं वाक्य सांगितलं. इमारत खाली पडत नाही. दुसरं सांगितलं. हवा भरपूर आहे, खिडकी उघडीच आहे. तिसऱ्यापाशी मात्र गाडी अडली. बाहेर कोण उभं होतं? खिडकीतून पाहिलं, तर रस्त्यावर मांजरसुद्धा नव्हतं.

कुणाला सांगायची सोय नव्हती. चौदा वर्षांत तो एक गोष्ट पक्की शिकला होता. बाहेरचा माणूस घाबरलाय हे आतल्याला कळता कामा नये. कळलं की संपलं, मग दार उघडलं तरी आतला माणूस स्वतःच्या पायांनी बाहेर येत नाही. आणि या घरात बाहेरचा माणूस तोच. बायको दिवसभर हसऱ्या आवाजात परक्यांचे शिव्याशाप झेलते, बाबांचं घर आटतंय, अशात आपणच हातपाय गाळले तर बाकीच्यांनी बघायचं कोणाकडे? त्याने ठरवलं, काही झालं तरी बायकोला पत्ता लागू द्यायचा नाही. लागला, तर घराचा दोर तुटलाच म्हणायचा.

वाट दाखवली ती सोसायटीच्या सेक्रेटरीने, तीही नकळत. बटणांना सगळ्यांचे हात लागतात म्हणून त्याने लिफ्ट बंद ठेवायला लावली होती. मग त्याला काळजी पडली, की बंद राहून ती गंजेल. त्याने फोनवर सांगितलं, "तुम्ही घरचेच आहात. रोज एकदा चालवून बघत जा. काही असो नसो, फिरवून आणा. कुत्र्यासारखी."

दुसऱ्या दिवशी दुपारी मेकॅनिकने हत्यारांची पिशवी तळमजल्यावर लिफ्टच्या दाराशी ठेवली, तिच्यावर 'काम चालू आहे' ही पाटी टेकवली, आत शिरला आणि वर निघाला. तळमजल्यावर दुकानं होती, त्यामुळे तिथलं छत उंच, आणि तळमजला ते पहिला मजला यांच्यामध्ये दार नाही, काच नाही, निव्वळ भिंत असा लांब पट्टा होता. त्या पट्ट्यात आल्यावर त्याने आतलं जाळीचं दार बोटभर सरकवलं. जाळी सरकली की लिफ्ट थांबते. थांबली.

पुढे सिमेंटची भिंत. भिंतीवर कुणा गवंड्याने ओल्या गिलाव्यात टेकलेला हात, पाची बोटं उमटलेला. मेकॅनिक खाली बसला. डोक्यावर पंखा कुरकुरत होता. समोर पाटी, 'क्षमता चार माणसं'. साडेतीन फूट बाय चार फूट. आणि श्वास खालून निघाला तो थेट वरच्या मजल्यापर्यंत आला, मध्ये कुठेही न थांबता.

याला डोकं ठिकाणावर असलेला माणूस काय म्हणेल ते त्याला ठाऊक होतं. खोलीत गुदमरतं म्हणून खोक्यात जाऊन बसायचं! पण त्याचा हिशेब सरळ होता. घरात अडकलेल्याने काय करायचं हे कुठल्याच पुस्तिकेत नव्हतं. लिफ्टमध्ये अडकलेल्याचं सगळं होतं. जाळी लावली, बटण दाबलं की सुटका. हातात सुटका असली की माणूस पाहिजे तितका वेळ अडकून राहू शकतो.

तो रोज जायला लागला. वीस मिनिटं, मग अर्धा तास, मग पाऊण. गवंड्याच्या हाताशी ओळख झाली. दुसऱ्याच दिवशी टेकून बसताना पाठीने लाल बटण दाबलं गेलं आणि धोक्याची बेल सगळ्या इमारतीत खणाणली. चार मजल्यांवरून चार माणसं जिन्यात ओरडली. "टेस्टिंग, टेस्टिंग!" असं ओरडून त्याने वेळ मारून नेली आणि तिथल्या तिथे पॅनल उघडून बेलची वायर काढून टाकली. ज्या माणसाने बेल चालू नाही म्हणून लोकांच्या लिफ्टना सील ठोकलं होतं, त्याने.

घरी बायको विचारायची, "झाली लिफ्ट तपासून?"

"थोडी कुरकुर आहे. उद्या परत बघावं लागेल."

"बघ बाबा नीट," ती म्हणायची आणि टॉवेल घेऊन बाथरूममध्ये जायची. ती हल्ली फार कपडे धुवायची. दिवसातून तीन तीन वेळा नळ सुटलेला असायचा. मेकॅनिक मनात म्हणायचा, काय कणखर बाई आहे, कामातून वेळ काढून कपडे धुते.

लॉकडाऊनच्या तिसाव्या दिवशी, सव्वा दोन इंच जाहीर झाले त्या दुपारी, तो भिंतीसमोर बसला असताना पंखा थांबला. दिवा गेला. काळोख असा, की डोळे उघडे की मिटलेले ते हाताने चाचपून पाहावं लागावं.

वीज गेली. येईल, तो म्हणाला. जाळी लावली, सवयीने बटण दाबलं. काहीच झालं नाही. होणार नव्हतंच. फोन घरी चार्जिंगला होता. बरोबर आणला असता तरी शाफ्टमध्ये रेंज येत नाही, हे तो ग्राहकांना वर्षानुवर्षं सांगत आला होता. हत्यारं बाहेर, पाटीसकट. दाराचं कुलूप आतून चाचपून काढावं तर समोर दारच नाही. मुद्दाम शोधून काढलेली जागा होती ती. स्वतःसाठी यापेक्षा चोख पिंजरा त्याला पैसे घेऊनही बनवता आला नसता.

आता हातात सुटका नव्हती. श्वासाला हे लगेच कळलं. तो मधल्या मजल्यावर थांबला.

बेलचं बटण कुठे आहे ते अंधारातही माहीत होतं. पण वायर आपणच काढली, हे आठवायच्या आधी त्याच्या मनात दुसरीच गोष्ट आली. बेल वाजली तर बायकोला कळेल. कामावर असताना अशी माणसं त्याने कितीतरी पाहिली होती. तास तास आत बसून राहतात, पण बेल दाबत नाहीत, लोक काय म्हणतील म्हणून. अशांना बाहेर काढल्यावर तो फैलावर घ्यायचा, "बेल काय शोभेला दिलीय?" आता तो त्याच रांगेत मांडी घालून बसला होता. दहा मिनिटं थांबला. अजून दहा थांबला. जाळीतून हात घालून गवंड्याच्या पंजावर पंजा ठेवला. भिंत गार होती. पंजा त्याच्यापेक्षा लहान होता.

मग दुसरं वाक्यही पटेनासं झालं, आणि त्याने बटण दाबलं. दोनदा दाबलं. तिसऱ्यांदा दाबताना वायर आठवली, पॅनलमागे गुंडाळून, वर टेप चिकटवून ठेवलेली. काम एकदम स्वच्छ केलं होतं.

ओरडणं उरलं. पण ओरडायचं काय? 'वाचवा' म्हणायला जीभ वळेना. शेवटी त्याच्या तोंडून निघालं, "कोणी आहे का?" फोनवर तक्रार करणारे लोक नेमकं याच सुरात बोलतात.

मग अगदी जवळून, भिंतीच्या पलीकडून आवाज आला, "बेचाळीस... त्रेचाळीस... कोण रे?"

"बाबा?"

"भिंतीत कोण आहे?"

"बाबा, मी आहे. लिफ्टमध्ये. तुम्ही इथे काय करताय?"

"जिना मोजतोय. घर काय रोज तेच. तू आत काय करतोयस?"

मेकॅनिकने दोन सेकंद विचार केला. "अडकलोय."

टेप गुंडाळल्याचा आवाज आला. "तू?" बाबा म्हणाले. त्या एका अक्षरात पस्तीस वर्षांचा सरकारी अविश्वास होता.

"बाबा, ऐका. खाली माझी पिशवी आहे. त्यात गच्चीवरच्या मशीनच्या खोलीची चावी आहे, लाल दोरी बांधलेली. वर जा. आधी मेन स्विच बंद करा, म्हणजे मध्येच वीज आली तरी लिफ्ट हलणार नाही. मग ब्रेकचा दांडा दाबून धरायचा, म्हणजे ब्रेक सुटतो, आणि मोठं चाक सावकाश फिरवायचं. आणि बाबा, तिला सांगू नका."

"कोणाला?"

"सूनबाईला. अजिबात सांगू नका."

"दांडा एका हाताने दबतो?"

"नाही. दोन्ही हात लागतात."

"मग चाक काय पायाने फिरवू?"

हे काम दोघांचंच असतं. एकाने ब्रेक धरायचा, दुसऱ्याने चाक आवरायचं. त्यानेच नव्या पोरांना शंभरदा सांगितलं होतं, की हे काम एकट्याने करायला जाणारा माणूस शहाणा नसतो.

"थांब तिथेच," बाबा म्हणाले. थांबण्यावाचून इलाज नव्हता तरी.

पावलं आधी खाली गेली, मग वर गेली. श्वास होता तिथेच होता. त्याने तिन्ही वाक्यं म्हणून पाहिली आणि प्रत्येक वाक्यानंतर स्वतःच 'हो, हो' म्हणाला. किती वेळ गेला कोण जाणे. मग थेट डोक्यावरून, दोर ज्या भोकांतून खाली येतात त्या भोकांतून, बायकोचा आवाज उतरला. कामावरचा आवाज. हसू जागच्या जागी.

"नमस्कार. मी आपली काय मदत करू शकते?"

"अगं, तुला ब्रेक आहे का आज?"

"तेहतीस कॉल रांगेत सोडून आले आहे, सर. आपली तक्रार काय आहे?"

"तू माझी टर उडवतेयस."

"नाही, सर." आवाज किंचित हलला. "मला बोलायचा दुसरा आवाज आत्ता सापडत नाहीये. लवकर सांग काय करायचं ते."

मेकॅनिकने ऐकलं. चौदा वर्षं तो आवाजच ऐकत आला होता. या आवाजाखालची जमीन हलत होती. बाहेरचा माणूस घाबरला होता आणि ते आतल्याला स्वच्छ कळलं होतं. नियमाप्रमाणे आता सगळं संपायला हवं होतं. त्याऐवजी त्याला काम सुचलं.

"मेन स्विच बंद केलास?"

"केला."

"दोरावर पिवळी खूण आहे बघ. ती चाकाच्या कडेशी आली की लिफ्ट मजल्याला लागली. आत एकच माणूस असला की लिफ्ट आपणहून वर जायला बघते. चाक फिरवायला जोर लागणार नाही, आवरायला लागेल. धावू द्यायचं नाही. बाबा, ब्रेक!"

"दाबला!" बाबांचा आवाज.

तळाखालून एक हिसका आला. मग भिंत सरकायला लागली. ती दिसत नव्हती, पण हाताखालून गेली. पंजाची बोटं, मनगट, मग कोरा गिलावा. वर बायको आकडे म्हणावेत तशी म्हणत होती, "लिफ्ट खाली पडत नाही. लिफ्ट खाली पडत नाही."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"तू झोपेत बडबडतोस. रोज. तिन्ही वाक्यं."

"तिसरं म्हण ना मग."

चाक थोडं थांबलं. "मी बाहेर उभी आहे," ती म्हणाली, तिच्या स्वतःच्या आवाजात. तो आवाज बसका होता, सर्दी झाल्यासारखा. महिनाभरात त्याने तो ऐकला नव्हता, आणि ऐकला नाही हे त्याला आत्ता कळत होतं.

तेवढ्यात बाबांचे हात भरून आले आणि त्यांनी दांडा सोडला. लिफ्ट थांबली. पहिल्या मजल्याच्या काचेतून छातीच्या उंचीवर उजेडाची पट्टी आत पडली.

"किती राहिलं?" वरून विचारणा.

"दीड फूट. चालेल. दाराची चावी पिशवीत आहे, त्रिकोणी. खाली ये."

ती आली तेव्हा हेडफोन गळ्यात तसाच लोंबत होता. आधी एकदा चावी उलटी घातली, मग दार उघडलं. तो खाली उभा, ती दीड फूट वर उभी. केस विस्कटलेला, बनियनवर घामाचा नकाशा झालेला मेकॅनिक तिने पायापासून डोक्यापर्यंत पाहिला. लपवण्यासारखं काहीच शिल्लक नव्हतं.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"सतरा."

"रोज?"

"रोज. वर श्वास येत नाही मला." आणि सुरुवात झालीच आहे तर म्हणून त्याने पुढचंही सांगून टाकलं. "मला वाटलं, तुला कळलं तर तू..."

"मी काय?"

"खचशील."

बायको जमिनीवर बसली, पाय लिफ्टमध्ये सोडून. "मी बाथरूममध्ये नळ सोडून बसते," ती म्हणाली. "बादली उलटी घालून, तिच्यावर. दिवसातून तीनदा. तुला काय वाटलं, तीन माणसांचे कपडे असतात तरी किती? घराबाहेर कोणी जात नाही. मळणार काय?"

मेकॅनिकने कपड्यांचा विचार केला. खरंच, एकच टॉवेल महिनाभर आत-बाहेर करत होता.

"हात दे, वर येतो," तो म्हणाला.

तिने हात दिला नाही. हेडफोन काढून पायरीवर ठेवला. "सरक," ती म्हणाली.

"अगं, असं मधल्या फटीतून आत-बाहेर करायचं नसतं. कडक नियम आहे."

"मेन स्विच बंद आहे. मीच केलाय. सरक म्हटलं ना."

तो सरकला. ती उतरली आणि कोपऱ्यात बसली. तोही बसला. साडेतीन बाय चारमध्ये दोन माणसं म्हणजे खांद्याला खांदा लागतोच, त्याला काही करता येत नाही. तिने हसू केलं नाही. तोंड एकदाचं मोकळं सोडलं आणि ते खाली लोंबलं, ओल्या कपड्यासारखं. मेकॅनिकचा श्वास खालून निघाला, मधल्या मजल्यावर थबकला आणि धापा टाकत का होईना, वर आला.

जिन्यात पावलं वाजली. बाबा दारात आले, गळ्यात टेप. त्यांनी खाली वाकून पाहिलं. मुलगा आणि सून लिफ्टच्या तळाशी रांगेत बसलेली.

"उघडलं ना दार? मग आता ही का आत?"

बाबांची नजर पाटीवर गेली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"क्षमता चार माणसं," ते म्हणाले. "आपण तीनच आहोत."

"नाही बाबा," मेकॅनिक म्हणाला. "एकाने बाहेर उभं राहावं लागतं. त्याशिवाय चालत नाही."

बाबांनी विचार केला. टेप गळ्यातून काढली, नीट गुंडाळली, हेडफोनशेजारी ठेवली आणि पाठीमागे हात बांधून दाराशी सरळ उभे राहिले, कुणाच्या तरी हद्दीवर उभं राहावं तसे.

"राहतो," ते म्हणाले. "पण दहाच मिनिटं. मग माझी पाळी."